ही बाजू सुलट

हॅलो? …हो हो, शिवून झालं, पाठवूनही झालं! आणि कसं शिवलं ते सांगितलं ना, तर कुणाचा म्हणून विश्वास बसणार नाही! एका बैठकीत… एकदाही न उसवता… हॅलो? कोण बोलतंय पण?

…टिल्ली? अगं तू होय! मग आधी सांगायचं ना. मला वाटलं दादाचा फोन. …नाव येतं, मला माहितीये फोनवर नाव येतं! घाईत उचलला. नाव काय वाचत बसू, लग्नपत्रिका आहे का ती? …बोल. मिळालं कार्डिगन? …मिळालं ना? घातलंस? कसं बसलं?

…सांग की!

…काय? पुन्हा बोल.

…'समोरचा एक पुढा उलटा लागलाय.' …हं. …ऐकतेय मी, बोल. …'उजवी बाजू चकाकते आणि डावी मळकट दिसते.' …मळकट! माझ्या हातचं शिवण आणि मळकट! टिल्ले, जिभेला काही हाड आहे की नाही तुझ्या? पन्नास वर्षं मशीनवर बसलेय मी. तीन शाळांचे गणवेश शिवलेत. दवाखान्यातल्या नर्सबायांचे झगे शिवलेत. बँडवाल्यांचे सोनेरी झालरीचे कोट शिवलेत, तेसुद्धा त्या ढोलवाल्याच्या पोटाचं माप घेऊन, टेप पुरला नव्हता तरी! आणि तू, जिला अजून बटण लावताना चार वेळा सुई टोचते, ती तू मला सुलट-उलट शिकवणार?

…ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे.

…हो, आहे लक्षात. पैज विसरायला मी काय तुझा नवरा आहे? 'ताई, माझ्यासाठी एक साधं कार्डिगन शिवून दाखव. दोन पुढे, एक पाठ, दोन बाह्या आणि गळ्यापासून खालपर्यंत एक पट्टी. बटण नको, काजं नकोत, खिसा नको. नीट जमलं तर मी तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर रविवारी मी येणार, आणि तू मुकाट्याने माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं.' …बरोबर ना? शब्दन् शब्द पाठ आहे. आणि जमलंय! जमलं नाही असं कोण म्हणतं?

…तू म्हणतेस. तुझं काय जातं म्हणायला!

…ऐक. ऐक ना. हल्ली तशीच फॅशन आहे. एक बाजू चकचकीत, एक बाजू साधी. …कुठे म्हणजे? सगळीकडे! मोठमोठ्या दुकानांतून त्याचे वेगळे पैसे घेतात.

…बरं, नको फॅशन. मग खरं सांगते. होजिअरीचं कापड आहे ते. होजिअरी म्हणजे तुझ्या त्या चादरीसारखं गरीब कापड नव्हे, कुठे ठेवलं तिथे पडून राहायला. विणलेलं असतं ते, एका फासात दुसरा फास. ताणलं की ताणतं, सोडलं की मनाला येईल तिकडे वळतं. मी पुढा टेबलावर सुलट ठेवला. माझ्या हातांनी. दोऱ्याचं रीळ घ्यायला नुसती वळले… आणि मागे सळ्ळकन आवाज! बघते तर याने कूस बदललेली. शपथ. झोपेत लहान मूल वळतं ना, तस्सं.

…हसू नकोस. हसण्यासारखं काय आहे त्यात?

…कागद? हो, कागदाचा नमुना ठेवूनच कापलं. …हो गं बाई, मला माहीत आहे! दोन पुढे कापायचे तर एकदा कागद असा ठेवायचा आणि एकदा पालथा घालायचा. नाहीतर दोन्ही पुढे उजवेच निघतात, आणि एक मारूनमुटकून डावीकडे लावायचा तर त्याची उलट बाजू बाहेर येते. हे मीच तुला शिकवलंय! तू चौदा वर्षांची होतीस, आईच्या परकराच्या कापडावर… …काय? …'मग कागद पालथा घातला नाहीस.' …घातला! घातला म्हणजे घातला! कुणी बघितलं घातला नाही ते?

…आता 'डोळेझाक' म्हणालीस. …मुद्दाम म्हणालीस. …बोलण्याच्या ओघात नाही, मी ओळखते तुला. मघाशीही 'डोळ्यांदेखत' म्हणालीस, ते मी सोडून दिलं.

…आणि एक सांगते. सुलट-उलट ओळखायला डोळे लागतातच कुणाला? होजिअरीची कापलेली कड धरायची, आडवी ताणायची. ती लगेच गुंडाळी करते, आणि गुंडाळी करते ती सुलट बाजूकडे. अंगठा फिरवला की झालं. आईने शिकवलेलं आहे, दिवे गेले होते तेव्हा. अंधारातसुद्धा माझा अंगठा खोटं बोलत नाही.

…काय?

…नाही, शिवताना… म्हणजे, अंगठ्याला कळलंच असणार. …कळलं असतं तर मी तो तसाच शिवला असता का? …दुसरं कापड होतं का माझ्याकडे? तूच मोजून पाठवलंस, वीतभरसुद्धा जास्त नाही! …नाही, मी असं नाही म्हणाले. कळलं होतं असं मी म्हणालेच नाही. तू शब्द पकडू नकोस माझे!

…अजून आहे? बोल, बोल. सगळं एकदम बाहेर काढ. …'डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब.'

…हां! आता आलीस मुद्द्यावर. त्या बाहीचं तुला सांगायचंच होतं. त्यावर तर अजिबातच कुणाचा विश्वास बसणार नाही, पण घडलंय ते घडलंय. बसलीयेस ना? बस. …उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये ते.

त्या दिवशी शेवटची शिलाई मारली आणि म्हटलं, बघू तरी कसं दिसतं. घातलं अंगात. …मला घट्ट होणार, तुझं माप आहे, पण होजिअरी आहे, येतं अंगात. तेवढ्यात आठवलं, पाव संपलाय. तशीच निघाले. दार ओढून घेतलं. आता मला काय माहीत, डाव्या बाहीची कड दाराच्या कडीत अडकलीये! मी आपली उतरतेय. तिसरा मजला, दुसरा मजला… काही नाही. हलकं वाटत होतं जरा, मागून कुणीतरी प्रेमाने धरल्यासारखं. खाली आले, रस्ता ओलांडला, पावाच्या दुकानात शिरले. दुकानवाली म्हणाली, 'आजी, तुमच्या मागे काहीतरी येतंय.' वळून बघते तर ही निळी लांबच लांब बाही! दुकानापासून निघालीये, रस्त्यावरून गेलीये, आमच्या जिन्यातून वर! वाहनं थांबलेली. एक सायकलवाला तिच्याखालून वाकून गेला.

…खोटं कशाला सांगू? ऐक पुढे. मी पाव घेतला. दुकानवालीला सुट्टे द्यायला म्हणून हात पुढे केला, आणि बाहीची सहनशक्ती संपली! …अशी खेचली मला, अशी खेचली! विहिरीतून बादली वर येते ना, तशी मी जिन्यावरून उलटी वर. पाय पायरीला लागले असतील तर शप्पथ. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी घड्याळजी दारात उभे होते, त्यांना नमस्कार करायचा तर फक्त पावच वर करता आला मला. धाडकन माझ्याच दाराला येऊन टेकले. पाव शाबूत. शिवण शाबूत, एक टाका सुटला नाही, नागमोडी शिलाई मारली होती म्हणून! साधी सरळ मारली असती तर तटातट तुटली असती. एवढं सगळं झाल्यावर चार बोटं वाढली बाही. चारच! दुसऱ्या कुणी शिवली असती तर तू आज चाळीस फुटांची बाही घेऊन बसली असतीस. आभार मानायचे सोडून…

…घड्याळजींना विचार ना! आत्ता विचार.

…काय? …महिनाभर लेकीकडे गेलेत? तुला कुणी सांगितलं? …मग त्यांचा भाऊ असेल. …नसेल भाऊ! असेल कुणीतरी! जिन्यात उलटी जाताना मी माणसांची ओळखपरेड घेऊ का?

…लोणकढी नाही! थाप नाही! शेंड्या लावत नाहीये मी तुला! ठेवते मी फोन. …ठेवते म्हटलं ना! तुझ्यासारख्या बहिणीशी बोलण्यापेक्षा… …

…आहे. आहे मी अजून. तू का नाही ठेवलास? …मी ठेवणार होते, मग म्हटलं तुला वाईट वाटेल.

…आता दोऱ्याचं काय? दोरा निळा आहे. …गडद निळ्या कापडाला गडद निळा. …काय म्हणून चॉकलेटी? …'पाठीपर्यंत निळा आणि तिथून पुढे चॉकलेटी.' …बॉबिन संपली असेल मधेच, दुसरी घातली असेल… …असेल म्हणजे घातली! ती नक्षी आहे. …पाठीवर नक्षी नसते? कुणी सांगितलं नसते? तू शिंपीण की मी शिंपीण?

…सगळी रिळं डब्यात एका ओळीत लावलेली आहेत माझी. पांढरं, पिवळं, लाल, चॉकलेटी, निळं, काळं. मला डबा बघावाही लागत नाही. पाचवं रीळ निळं. …हो. …कुणी हलवणार? शेजारीण येते सकाळी, ती सुया ओवून देते तेव्हा तिने एखादं इकडचं तिकडे ठेवलं असेल, तर त्यात माझा काय…

…

…कोण ओवून देतं म्हणजे?

…कुणी नाही. मी असं म्हणाले का? …तुझी ऐकण्यात चूक झाली. तुझे कान तपास आधी! माझ्या डोळ्यांच्या मागे लागलीस, स्वतःचे कान बघ जाऊन. …दहा सुया नाही. सहा. सहा सुया ओवून ठेवते ती, उशीला टोचून. …त्यात काय झालं? तिला आवड आहे! काही बायकांना असते आवड सुया ओवायची!

…नाही. …नाही येणार. …रविवारी मी घरी नाहीये.

…वीस मिनिटांचं ऑपरेशन, वीस मिनिटांचं ऑपरेशन! किती वेळा तेच पालुपद लावशील? वीस मिनिटांत मी एक बाही लावते, टिल्ले. आणि बाही चुकली तर उसवता येते. डोळा चुकला तर उसवून देणार आहे का तो डॉक्टर? …सगळ्यांचे बरे होतात. सगळ्यांचे होऊ देत ना. मी काय सगळ्यांना अडवलंय?

…घाबरत नाहीये! कुणाला घाबरू? त्या एवढ्याशा पोराला? दवाखान्याचा झगा घालून दारातच उभा होता परवा, त्याची शिलाई बगलेत फाटलेली, आणि म्हणे मी तुमचा डोळा नीट करतो!

…हो, गेले होते. …एकटी. …दारापर्यंत. …परत आले. …कारण माझी मर्जी!

…कारण… अगं, त्याने तपासलं आणि म्हणाला, आजी, उशीर झालाय, आता उपयोग नाही… तर? मग काय करायचं मी? घरी येऊन मशीनवर चादर घालायची? आत्ता मला ठाऊक नाहीये. ठाऊक नाहीये तोवर मशीन माझं आहे. सकाळी उठते, पॅडल दाबते, चालतं. लोक येतात, 'आजी, एवढी पॅन्ट आखूड करून द्या' म्हणतात. एकदा त्या डॉक्टरने तोंड उघडलं की सगळं संपलं. तेव्हा तू मला शिकवू नकोस!

…

…रडत नाहीये. नाक चोंदलंय.

…आणि दिसतं मला. सगळं दिसतं. वाचतासुद्धा येतं! …काय वाचलं? तुझं पत्र वाचलं!

…कुठलं पत्र म्हणजे? तू कापडाबरोबर पाठवलंस ते. कापडाला टाचलं होतंस, टाचणीने. …आता विसरलीस? वा गं वा! एवढं मोठं पत्र लिहायचं आणि विसरायचं. दोन आठवडे झाले, मशीनच्या खणात जपून ठेवलंय मी. रोज वाचते. …हो, रोज! चष्मासुद्धा न लावता!

…तुझा विश्वास नाही ना? थांब. थांब तू. फोन ठेवू नकोस. …हा खण… कात्री… टेप… हां. सापडलं. आता कान उघडे ठेवून ऐक. तुझंच लिहिलेलं तुला वाचून दाखवते, मग बघू कुणाला दिसत नाही ते.

…मधे बोलू नकोस, वाचतेय मी.

'प्रिय ताई'… केवढं बारीक लिहिलंयस गं, मुंग्यांसारखं. दुसऱ्या कुणाला लागलंही नसतं. 'प्रिय ताई, कापड पाठवते आहे. निळं घेतलं, कारण तू शिवलेला पहिला फ्रॉक निळा होता. शाळेत सगळ्या मुली विचारायच्या कुठून आणलास, आणि मी सांगायचे, माझ्या ताईने केलाय, तुमच्या ताईला येतो का?'

…थांब ना! अर्ध्यावर आहे अजून. 'ताई, तुझ्या हाताला तोड नाही. कार्डिगन कसंही झालं तरी मी घालीन. बाही लांब झाली तर दुमडीन. पैज वगैरे मी चिडून बोलले. मला ठाऊक आहे तू का येत नाहीस. तू घाबरट नाहीस, पण… पण घाबरलीयेस.' …हे तू लिहायला नको होतंस, पण असो, माफ केलं. …'मी बरोबर येईन. आत जाईपर्यंत हात धरीन. लहानपणी दिवे गेले की तू माझा धरायचीस, तसा. आणि डॉक्टर काहीही म्हणाला तरी मशीनवर चादर घालायची नाही, एवढं मी तुला… तुला…' इथे पाणी पडलंय वाटतं, अक्षर पुसट झालंय. 'तुझीच, टिल्ली.' झालं.

बघ! आहे का एक तरी शब्द इकडचा तिकडे? आता बोल! दिसतं की नाही मला?

…

…हॅलो? …टिल्ले? …स्वतःचं पत्र ऐकून लाज वाटली ना?

…काय?

…मोठ्याने बोल. …'मी पत्र लिहिलंच नव्हतं.'

…मग हा कागद कसला? माझ्या हातात आहे तो. …दुकानातल्या माणसाने? …तुझ्यासमोर टाचली ती चिठ्ठी? कापडाच्या… सुलट बाजूला?

…काय लिहिलंय त्याने? …मोठ्या अक्षरात? …लाल शाईने?

…'ही बाजू सुलट.'

…तीन शब्द. …तीनच?

…

…हसतेयस का? …नाही, हसतेयस की रडतेयस ते कळत नाहीये मला.

…मला वाटलं, तू लिहिलंयस गं. …कुणाला वाचायला देणार? दिलं असतं तर कळलं नसतं का सगळ्यांना?

…हं. …हं. …रविवारी दहाला. …साडेनऊला ये. …हात धर मग. पत्रात लिहिलंयस ना तसा. …नाही लिहिलंस, तरी धर.

…बरं, ठेव आता. …नाही, तू ठेव. …अगं, मघापासून ठेवते-ठेवते म्हणतेय ते काय उगाच? ते बटण कुठंय ते दिसत नाही मला. तूच ठेव.